पार्श्वभूमी : प्रौढ विद्यार्थ्याचा सल्लागार आणि 'संमंत्रक' हा शब्द

नोकरी आणि संसार सांभाळून पदवी घेणाऱ्यांना शैक्षणिक सल्ला कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याकडे मुक्त विद्यापीठांइतकाच जुना असून अजूनही अर्धवटच सुटलेला आहे. १९६२ मध्ये दिल्लीत पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, तेव्हा पाठ टपालाने जात आणि उत्तरे टपालाने येत. सल्ल्याची वेगळी सोय कोणाला फारशी आवश्यक वाटली नाही. १९८२ मध्ये हैदराबादला, १९८५ च्या कायद्याने राष्ट्रीय पातळीवर आणि १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा मात्र शाळा मध्येच सुटलेले लोकही दाराशी आले.

खरा गुंता पदनामात आहे. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात, जिथे १९७१ साली अध्यापन सुरू झाले, विषय शिकवणे आणि विद्यार्थ्याची पाठराखण करणे ही दोन्ही कामे दर्शवणारे 'ट्यूटर-काउन्सेलर' हे जोडपदनाम रूढ झाले होते. आपल्याकडे त्यातला पाठराखणीचा शब्द घेतला गेला आणि काम मात्र शिकवण्याचे ठेवले गेले. अभ्यासकेंद्रावरचा 'संमंत्रक' म्हणजे मानधनावर येणारा विषयशिक्षक. 'संमंत्रण सत्र' म्हणजे त्या विषयाच्या शंकांचा तास. यामागे विचार होता: पुस्तकच शिक्षक आहे, तेव्हा समोरच्या माणसाने व्याख्यान न देता अडचणी सोडवाव्यात. तो विचार रास्तच होता. पण नावातच सल्ला आल्यामुळे सल्ल्याची सोय झाली असे कागदावर दिसू लागले आणि त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याची गरज कोणाला भासली नाही. 'समुपदेशन' हा शब्द वापरावा तर तो आता मानसिक आरोग्याशी इतका जोडला गेला आहे की, कोणता अभ्यासक्रम घ्यावा हे विचारायला आलेला माणूस त्या पाटीखालच्या खोलीत जाणार नाही.

प्रत्यक्षात हा सल्ला देतो तो केंद्रसंयोजक, आणि बहुतेक वेळा प्रवेश अर्ज तपासणारा लिपिक. रविवारी सकाळी एखादी अंगणवाडी सेविका येते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, आणि एकच प्रश्न: "सर, ही पदवी बढतीला चालेल ना?" अनेक वर्षे रूढ असलेल्या रचनेत पदवीला ९६ श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे अभ्यास मोजण्याचे एकक) आणि प्रत्येक श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरला जाई. म्हणजे तीन वर्षांत पदवी हवी असेल तर आठवड्याला सुमारे साडेअठरा तास. हा हिशेब प्रवेशाच्या दिवशी तिच्यासमोर मांडला जायला हवा, आणि हवी तर जादा मुदतही मिळते, हे त्याच वेळी सांगायला हवे. पण अर्जातल्या चुका दुरुस्त करण्यातच वेळ संपतो.

चुकीच्या वाटेची किंमत किती मोठी असते, हे २००९ मध्ये दिसले. तमिळनाडूतील एका प्राचार्यपदाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाचे पदव्यांसाठीचे १९८५ चे किमान निकष मुक्त विद्यापीठांनाही बंधनकारक ठरवले. पहिली पदवी नसताना मिळवलेली पदव्युत्तर पदवी त्यामुळे निरुपयोगी ठरली. विद्यापीठानेच देऊ केलेला मार्ग पुढे टिकेल का, हे विद्यार्थ्याने कोणाला विचारायचे होते?

त्यानंतर नियमांची गती वाढली. २०१३ मध्ये दूरशिक्षणाचे नियंत्रण एका यंत्रणेकडून दुसरीकडे गेले, २०१७ आणि २०२० मध्ये नवे विनियम आले, २०२१ पासून श्रेयांकांची बँक आली, २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा मिळाली आणि २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाआधी स्वतंत्र ओळख क्रमांक काढणे आवश्यक झाले. यातील बरेच बदल प्रौढांच्या सोयीचेच आहेत. अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचे श्रेयांक जपून ठेवता येणे ही तर मोठीच गोष्ट. परंतु प्रत्येक बदलागणिक समजावून सांगायचे काम वाढले आहे, आणि ते आजही त्याच टेबलावर, अर्जांच्या गठ्ठ्याशेजारी होते.