विकत घेणाऱ्याच्याच घरातलं कुलूप

मे महिन्यात वळवाचा पाऊस सुरू झाला की बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात जळक्या मदरबोर्डांची रांग लागते. रात्री विजा कडाडतात, दाब वरखाली होतो, आणि सकाळी खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची माणसं सीपीयू चादरीत गुंडाळून पहिल्या बसनं बेळगावात उतरतात. असाच एक पोरगा आला होता, जांबोटीच्या पुढच्या एका गावचा. घरच्या काजूच्या बिया विकल्यावर वडिलांनी हातावर दोन हजार ठेवलेले. त्यातले अठराशे घालून त्यानं एक गेम विकत घेतला होता. क्रॅक केलेला, म्हणजे चोरीचा, नाही, पेन ड्राइव्हवर मित्राकडून आणलेला नाही, रीतसर विकत घेतलेला. हे त्यानं मला दोनदा सांगितलं.

मदरबोर्ड बदलला तरी मशीन मध्येच अडकत होतं. म्हणून दुसरी रॅम लावली, दुसरा प्रोसेसर लावून पाहिला, मग विंडोज नव्यानं टाकलं. प्रत्येक वेळी तपासायला तोच गेम चालू करत होतो, कारण मशीनला घाम फोडायला गेमइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. पाचच्या सुमाराला दोष सापडला, मशीन ठणठणीत झालं, आणि पडद्यावर संदेश आला: या गेमची आजची मर्यादा संपली आहे, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा.

"पैसे मी दिलो की ओ काका," पोरगा म्हणाला, "मग असं का करूलालंय?"

त्या संध्याकाळी मी त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे.

गेमची चोरी होऊ नये म्हणून कंपन्या गेमच्या आतच एक कुलूप बसवतात. आज सर्वांत जास्त चर्चेत असलेलं कुलूप म्हणजे डेनुवो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या कंपनीनं ते तयार केलं आणि २०१४ साली 'फिफा १५' या गेमपासून ते वापरात आलं. अशी कुलपं आधी तुमच्या मशीनची ओळख पटवतात. प्रोसेसर कोणता, विंडोजची खूण काय, अशा गोष्टी गोळा करून त्यांचा एक आकडा बनवतात. हा आकडा बनवण्याचं गणित असं असतं की आतली एक बारीकशी गोष्ट बदलली तरी उत्तर पार वेगळं येतं. तो आकडा कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथून त्याच मशीनपुरता परवाना येतो आणि तुमच्या डिस्कवर बसतो. पुढे गेम चालू करताना कुलूप नुसतं जुळवून पाहतं: परवान्यावरचं मशीन हेच का? माझ्या टेबलावर दिवसभर एकच मशीन होतं, पण सर्व्हरच्या दृष्टीनं एका माणसानं एका दिवसात बरीच मशीनं बदलली होती. चोर नेमकं तेच करतो, म्हणून सर्व्हरनं दार लावून घेतलं.

मर्यादा घालायची ही पद्धत जुनी आहे. २००८ साली 'स्पोअर' नावाचा गेम आला. त्यातलं सिक्युरॉम नावाचं कुलूप फक्त तीन वेळा गेमची मशीनवर नोंदणी करू देत असे. तीनदा मशीन बदललं किंवा फॉरमॅट मारलं की कंपनीला फोन करून विनवणी करायची. चिडलेल्या गिऱ्हाइकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्यांचा पाऊस पाडला. कंपनीनं मर्यादा पाचवर नेली. आणि त्या वर्षी टॉरेंटवरून सर्वांत जास्त चोरला गेलेला गेमही तोच ठरला.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. गुप्त संदेशांचं शास्त्र तीन माणसं धरून चालतं: पाठवणारा, घेणारा आणि मध्ये कान लावून बसलेला चोर. पहिल्या दोघांकडे किल्ली असते, तिसऱ्याकडे नसते. गेममध्ये घेणारा आणि चोर एकच माणूस असू शकतो. गेम चालायचा तर तो त्याच्याच मशीनमध्ये, त्याच्याच मेमरीत उघडावा लागतो, म्हणजे पेटी आणि किल्ली दोन्ही त्याच्या घरात आली. मग उरतं ते एवढंच की किल्ली सापडायला शक्य तितका वेळ लागावा. क्रॅक करणारा महिनाभर खपतो, तपासणीच बाद करतो किंवा तिला खोटं उत्तर देऊन गप्प बसवतो, आणि एकदा ते झालं की बिनकुलपाची प्रत जगभर फिरते. कुलूप शेवटपर्यंत कोणाच्या मशीनमध्ये राहतं? ज्यानं पैसे दिले त्याच्या.

२०२१ साली कोरोनाच्या काळात निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा अहवाल दाखवावा लागायचा. अहवाल घेऊन आलेला माणूस उन्हात रांगेत उभा असायचा आणि विनाअहवाल आलेला आडवाटेनं, शेतातल्या रस्त्यानं केव्हाच पुढे गेलेला असायचा. त्या रांगेत मी उभा होतो, म्हणून पोराला काय वाटलं ते मला नीट कळलं.

दुसरी तक्रार वेगाची. क्रॅक करणाऱ्याला आतलं काम वाचता येऊ नये म्हणून डेनुवोसारखी कुलपं गेमच्या काही भागांची भाषाच बदलतात. एरवी प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना सरळ त्याच्याकडे जातात. इथे त्या सूचना मुद्दाम रचलेल्या एका नव्या भाषेत लिहितात आणि सोबत एक दुभाषा बसवतात. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या कचेरीतून कन्नड नोटीस आली की तो शेजारच्या शिकलेल्या पोराला गाठतो; पोरगा एक ओळ वाचतो, मराठीत सांगतो, मग पुढची ओळ. मजकूर तोच, पण वेळ तिप्पट. प्रोसेसरचंही तसंच होतं, एका सूचनेसाठी अनेक सूचना खर्ची पडतात.

कंपन्यांचं म्हणणं असं की वेगाला लागेल अशा जागी हा दुभाषा बसवत नाहीत. नीट बसवला तर फरक जाणवत नाही, हे मीही मान्य करतो. पण सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवणारा गेम म्हणजे प्रत्येक चित्राला फक्त १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळा हिशोब झाला नाही तर चित्र थबकतं, आणि डोळ्याला ते लगेच कळतं. २०२१ साली कॅपकॉमच्या 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज'मध्ये झोंबीला गोळी लागली की चित्र अडखळायचं. गेमचा वेग मोजून दाखवणाऱ्या डिजिटल फाउंड्रीच्या तपासणाऱ्यांनी क्रॅक झालेली प्रत शेजारी ठेवून पाहिली, तर ती त्याच जागी सुरळीत चालली. पूर्ण किंमत मोजणाऱ्याला अडखळता गेम आणि फुकट्याला सुरळीत. कॅपकॉमनं जुलैमध्ये सुधारणा दिली आणि ती देताना चोरीविरोधी यंत्रणेत फेरफार केल्याचं स्वतःच सांगितलं.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले. त्यात दोन जातींचे कोअर, म्हणजे हिशोब करणारे गाभे, असतात, काही दणकट आणि काही कमी वीज खाणारे छोटे. गेमचं काम दणकट कोअरवरून दुसऱ्या जातीच्या कोअरवर गेलं की काही कुलपांना वाटायचं, हे मशीनच वेगळं! गेम बंद. इंटेलनं अशा ५१ गेमची यादी प्रसिद्ध केली आणि तात्पुरता उपाय सांगितला तो असा: बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक पर्याय चालू करा आणि गेम लावण्याआधी कीबोर्डवरचं स्क्रोल लॉक दाबा, म्हणजे छोटे कोअर झोपतील. इतकी वर्षं कीबोर्ड दुरुस्त करतो आहे, पण स्क्रोल लॉकचा असा उपयोग होताना कधी पाहिला नव्हता. दुरुस्त्या येऊन ती यादी पुढे काही महिन्यांत रिकामी झाली.

सर्व्हरवर अवलंबून राहण्याचे प्रकार तर पुष्कळ. २०१० च्या मार्चमध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि 'असॅसिन्स क्रीड २' विकत घेतलेल्यांना, एकट्यानं खेळायचा गेम असूनही, तो उघडेना, कारण तो सतत नेटला जोडलेला लागे. २०१३ च्या 'सिमसिटी'चंही सुरुवातीचे दिवस तेच झालं. नेटशिवाय खेळायची सोय पुढच्या वर्षी आली. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला कायमचे बंद झाले आणि विकत घेतलेला गेम मालकाच्या हातून गेला. जुन्या सीडींचीही तीच गत. सेफडिस्क नावाचं कुलूप विंडोजमध्ये आपला एक ड्रायव्हर वापरायचं. त्यात सुरक्षेचं भोक सापडलं होतं, म्हणून २०१५ साली विंडोज १० नं त्याला थारा दिला नाही. मूळ खोक्यासकट जपलेल्या सीडी घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी त्यांना परत पाठवतो.

पण कंपन्यांची बाजूही खरी आहे, ती लपवणं बरं नाही. गेम करायला शेकडो माणसांची अनेक वर्षं जातात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले विल्यम व्होल्कमन यांनी डेनुवो लावलेल्या ८६ गेमचा अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेम आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुलूप तुटलं तर उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी घटतं, असं त्यांना आढळलं. मात्र बारा आठवडे टिकलेलं कुलूप नंतर तुटलं तर नुकसान जवळजवळ काहीच नाही. मला या अभ्यासातलं हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. तीन महिन्यांनंतर कुलूप कंपनीचा रुपया वाचवत नाही, पण गिऱ्हाइकाला त्रास मात्र देतच राहतं. मग ते काढायची तारीख पहिल्याच दिवशी का सांगू नये? काही कंपन्या न सांगता काढतातही. 'व्हिलेज'मधलं डेनुवो २०२३ साली निघालं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं सुरू केलेलं गॉग हे ऑनलाइन दुकान तर २००८ पासून कुलपाविना गेम विकतं. 'द विचर ३' तिथे पहिल्या दिवसापासून तसाच विकला गेला, आणि तो गेम काही बुडाला नाही.

पोराला मी हे सगळं इतक्या सविस्तर सांगितलं नाही, त्याचं लक्ष शेवटच्या बसकडे होतं. तो म्हणाला, "मग क्रॅक टाकून द्या की काका. पैसे तर दिलोयच." त्याचं म्हणणं मनाला पटण्यासारखं होतं, तरी मी नाही म्हटलं. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं. हक्कांचं उल्लंघन करायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे. विकत घेतलेल्या गेमला ते कितपत लागतं यावर वकील भांडतील, पण दुकान चालवणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि क्रॅकसोबत काय येतं ते मी रोज बघतो. २०२१ साली अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीनं क्रॅकोनॉश नावाचा व्हायरसचा प्रकार उघडकीला आणला. क्रॅक गेममधून तो दोन लाखांहून अधिक मशीनमध्ये शिरला होता, अँटिव्हायरस बंद पाडायचा आणि मालकाच्या विजेवर गुपचूप मोनेरो हे आभासी चलन काढत बसायचा.

सीपीयू रात्रभर दुकानातच ठेवून घेतला. पोराच्या गावात पावसाळ्यात रेंज नसते, तिथे नेऊन परवाना मिळालाच नसता. दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेल्यावर दुकानाच्या नेटवर गेम लावला. परवाना आला. खात्री म्हणून नेट काढून पुन्हा एकदा लावला, चालला. मग परवाना पुन्हा मागायची वेळ येऊ नये म्हणून गेमचं आपोआप होणारं अपडेट बंद केलं, डब्यावर कागद चिकटवून मार्करनं लिहिलं, 'नेट असल्याशिवाय अपडेट करू नको, काही बदलायचं तर आधी फोन कर', आणि डबा चादरीत बांधून बसस्टँडवर त्याच्या हवाली केला.