नामावळीत नाव, कॅसेटमध्ये गाणी

पंच्याहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं की हल्ली नाशिकच्या अनेक घरांत एक प्रसंग घडतो. नातवंडांपैकी कोणीतरी आजोबांना खिडकीशेजारच्या खुर्चीत बसवतं, कॉलरला माइक अडकवतं, मोबाईल आडवा धरतं आणि म्हणतं, ‘अण्णा, लहानपणापासून सांगा.’ अण्णा घसा खाकरतात. जन्म, शाळा, नोकरी, लग्न, निवृत्ती. चार मिनिटांत आयुष्य आटोपतं आणि अण्णा विचारतात, ‘झालं का?’

अण्णांनी निवडलेला हा क्रम त्यांचा स्वतःचा नाही. माणसाची नोंद करायची म्हणजे नाव, गाव आणि हुद्दा सांगायचा, ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे. नाशिकमध्ये तर तिचं कार्यालयच आहे, रामकुंडावर.

रामकुंडाच्या आसपासच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन आलेल्या माणसाने गाव आणि आडनाव सांगायचं. उपाध्याय त्या गावाची वही काढतात आणि त्या घराचं पान उघडतात. आजोबा कधी आले होते, सोबत कोण होतं, हे तिथे लिहिलेलं असतं, अनेकदा खाली सहीसुद्धा. जुनी पानं मोडीत आहेत, पुढची बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. माणूस आला की जुनी नोंद वाचून दाखवायची आणि तिच्याखाली नवी चढवायची, असा हा व्यवहार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वहीमागची पोटापाण्याची गरज. वही सांभाळणाऱ्याचं घर त्या वहीवर चालतं, म्हणून ती उघडली जाते, जीर्ण झाली की उतरवून घेतली जाते. हौसेने केलेल्या नोंदींच्या नशिबी हे फारसं येत नाही.

पण वहीत पुरुषांची साखळी असते. लेकी बहुधा नसतात. आणि नावापलीकडे काही नसतं, कारण वारस ओळखण्यापुरतं नाव पुरे होतं.

नावामागचा माणूस कागदावर यायला वेगळी माणसं लागली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात 1868 साली जन्मलेली मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई टिळक, हे त्यातलं ठळक उदाहरण. अकराव्या वर्षी लग्न, लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रासाठी आठवणी हव्यात, या निमित्ताने लिहिणं सुरू झालं आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ उभं राहिलं. विचारणारा घरचाच होता, मुलगा देवदत्त. विषय नवऱ्याचा होता, पण बाईंनी सांगितलं ते सगळ्या घराचं: सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणारे वडील, नवऱ्याचं न सांगता निघून जाणं, 1895 साली त्याने धर्म बदलल्यावर आलेली ताटातूट. अण्णांच्या चार मिनिटांत ज्याला जागा नसते, ते सगळं इथे आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईला बोलतं करायचं असेल तर तिला तिच्याबद्दल विचारू नये, दुसऱ्याबद्दल विचारावं. मग ती स्वतःबद्दल बोलते. ही युक्ती कुठल्या प्रशिक्षणात शिकवतात का, माहीत नाही. नाशिककरांनी ती ‘स्मृतिचित्रे’मधून उचलायला हरकत नाही.

हलत्या चित्राची गोष्ट नाशिकला परकी नाही, हे वेगळं सांगायला नको. दादासाहेब फाळक्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, 1870 चा. 1913 साली पहिला चित्रपट लोकांसमोर आणल्यावर त्यांनी मुंबईतून बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे सहलीला सगळेच जातात. आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहायची गोष्ट मात्र वेगळी आहे. फाळक्यांचा कॅमेरा पुराणकथा टिपत होता, आणि ते करताना त्याने फाळक्यांचं घरही टिपून ठेवलं. पहिल्या चित्रपटातला रोहिदास म्हणजे त्यांचा मुलगा भालचंद्र. 1919 च्या ‘कालिया मर्दन’मधला कृष्ण म्हणजे मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला कथा नाहीच. सात वर्षांची मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावरचे भाव दाखवते, राग, हसू, भीती, आणि मग तिचा कृष्ण होतो. घरच्या लेकीला कॅमेऱ्यासमोर बसवून ‘आता हस’ म्हणणारा बाप आज प्रत्येक बारशाला दिसतो. फाळक्यांनी ते शंभर वर्षांपूर्वी केलं. स्वतः काम करतानाची एक छोटी फिल्मही त्यांनी काढून ठेवली. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, ती रसायनात धुवायच्या. कुटुंबाच्या हाताने, कुटुंबाचं चित्र. फक्त त्यात आवाज नव्हता, आणि त्या काळच्या बहुतेक फिल्म आज उरलेल्याही नाहीत.

जगात इतरत्र माणसांच्या तोंडी आठवणी पद्धतशीर नोंदवणं साधारण 1948 पासून मानतात, कोलंबिया विद्यापीठातले इतिहासकार ॲलन नेव्हिन्स यांच्या कामापासून. तिथेही आधी मोठ्या लोकांच्याच मुलाखती होत्या. व्हिडिओ आला तो 1979 साली, अमेरिकेतल्या न्यू हेवनमध्ये, नाझींच्या छळातून वाचलेल्यांच्या साक्षी टिपण्यासाठी. तो संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला. ध्वनिफितीवर न दिसणारी गोष्ट कॅमेऱ्यात दिसत होती, ती म्हणजे बोलता बोलता माणूस कुठे थांबतो. 1994 नंतर स्टीव्हन स्पीलबर्गने सुरू केलेल्या संस्थेने अशा 50 हजारांवर साक्षी जमवल्या. 2003 साली न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात उभ्या राहिलेल्या, साध्या माणसांच्या आठवणी नोंदवणाऱ्या स्टोरीकॉर्प्स या संस्थेच्या बूथमध्ये तर मुलाखत घेणाराही बहुधा घरचाच असायचा, वेळ 40 मिनिटं.

महाराष्ट्रात हे काम वेगळ्या वाटेने आलं, आणि माझ्या मते जास्त चांगल्या वाटेने. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. ओवी म्हणजे बाईने आपल्या घराचं केलेलं रेकॉर्डिंगच. सासर, माहेर, भाऊ, लेक, सगळं त्यात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना घरोघरी जाऊन बोलतं केलं. ‘आम्हीही इतिहास घडवला’ 1989 साली आलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि काही वर्षं चालला, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. त्या दिवसांत घरी चूल कोणी पेटवली, लेकरं कोणाकडे ठेवली, ते सांगणारी पिढी आता राहिलेली नाही. तिच्या लेकी, सुना आहेत. त्याही सत्तरी ओलांडलेल्या.

नाशिकच्या घरांत आवाज आला तो टू-इन-वनमधून, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्रातून. परदेशी गेलेल्या मुलाला पत्राऐवजी कॅसेट पाठवायची, सगळ्यांनी पाळीपाळीने बोलायचं. ‘आम्ही सगळे खुशाल आहोत’ याच्या पुढे कोणी जात नसे, पण मागे कुकरची शिट्टी आणि रस्त्यावरच्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू यायची. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, आणि मागोमाग लग्नाची व्हिडिओ शूटिंग. इथे एक गंमत, म्हणजे खरं तर वाईटच गोष्ट झाली. शूटिंगवाले मूळ आवाज काढून त्यावर सिनेमातली गाणी चढवायचे. माझ्या मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये आजी दोनदा दिसते. एकदा पंगतीत कोणाला तरी आग्रह करताना, एकदा पाठवणीच्या वेळी मावशीच्या कानात काहीतरी सांगताना. दोन्ही वेळा तिच्या तोंडून सिनेसंगीत बाहेर पडतं. ती काय म्हणाली, ते मावशीलाही आता आठवत नाही.

ती कॅसेट पुढे कपाटात राहिली आणि तिला बुरशी लागली. आपल्या पावसाळ्यात चुंबकीय फितीचं हे ठरलेलं. शिवाय फीत नीट राहिली तरी वाजवायची कशावर? 2016 च्या जुलैत जपानमधल्या शेवटच्या कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, आणि गोदाकाठच्या प्रत्येक हातात कॅमेरा आणि तो पाठवायला लागणारा डेटा, दोन्ही आले. एक यंत्र संपायला आणि दुसरं फुकट व्हायला दोन महिन्यांचं अंतर.

आज अडचण यंत्राची नाही, प्रश्नांची आहे. ‘1969 साली तुम्ही काय करत होतात?’ असं विचारलं की म्हातारी माणसं गोंधळतात. ‘गोदेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा घरात पाणी कुठपर्यंत होतं?’ म्हटलं की हात आपोआप वर जातो आणि भिंतीवरची खूण दाखवतो. हा हात फक्त व्हिडिओत सापडतो. नाशिकची पंचांगं अशीच आहेत: एकोणसत्तरचा पूर, बहात्तरचा दुष्काळ, आणि दर बारा वर्षांचा सिंहस्थ. अमकीचं लग्न ऐंशीच्या सिंहस्थाआधी, तमक्याचा जन्म नंतरचा. भाषेचंही तसंच. मालेगाव-सटाण्याकडची आजी माइक दिसताच अहिराणी सोडून पुस्तकी मराठीत शिरते, आणि बोलणं तिथेच वाळतं. बहिणीला शेजारी बसवलं की अहिराणी परत येते.

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो, तेव्हा गुरुजींनी मूळ गाव विचारलं. अकोले तालुक्यातलं सांगितलं. वही निघाली, आजोबांची सही निघाली, निळ्या शाईची, जरा तिरकी. त्यांच्या खाली वडिलांचं नाव होतं, माझं नव्हतं. गुरुजींनी माझं लिहिलं, बायकोचं लिहिलं, आणि मी सांगितल्यावर मुलीचंही. मग म्हणाले, ‘मोबाईल नंबर द्या, हल्ली तोही घेतो.’ त्याच मोबाईलमध्ये वडिलांचा एक तास सात मिनिटांचा व्हिडिओ होता. त्यातल्या चाळिसाव्या मिनिटाला ते आजीबद्दल बोलतात. गुरुजींनी नंबर लिहिला, शाई वाळेपर्यंत पानावर हात धरला आणि वही मिटली.