जुन्या गाडीतला ईसीएम आणि चेक लाईट: पार्श्वभूमी

सोलापुरात २००० ते २०१० मधली पेट्रोल गाडी घेऊन गॅरेजला गेलात आणि मिसिंग आहे, पिकअप नाही, गरम झाली की बंद पडते असं काही सांगितलंत तर बऱ्याचदा एकच उत्तर कानावर येतं, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेलाय, बदलावा लागेल. कधीकधी खरंच गेलेला असतो. पण कितीतरी वेळा शेवटी निघते वायर, कप्लर (वायरी जोडणारा सॉकेट), अर्थिंग नाहीतर एखादा छोटा सेन्सर, आणि तोवर मालकाचे हजारो रुपये गेलेले असतात, याची मला मनापासून चीड येते. आपल्या मिस्त्री लोकांची हुशारी कमी आहे असं अजिबात नाही. या गाड्या ज्या काळात आल्या तो काळच अधलामधला होता, म्हणजे कॉम्प्युटर आला होता पण त्याला प्रश्न विचारायची सगळ्यांना सारखी अशी सोय आलेली नव्हती.

त्याआधी पद्मिनी, अँबॅसेडर आणि १९८३ च्या डिसेंबरपासून मारुती ८००, सगळ्या कार्बोरेटरच्या. दोष काढायचा तो कानाने, नाकाने आणि प्लगच्या रंगावरून. प्लगवर काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी, विटकरी म्हणजे बरोबर. पॉइंटला पॉलिश पेपर मारा, जेट फुंका, टायमिंग बसवा, झालं काम. हे ज्ञान हातातून हातात गेलं आणि ते खरंच जबरदस्त होतं.

कॉम्प्युटर मात्र गाडीत मिस्त्रीच्या सोयीसाठी आलाच नाही, तो आला धुरामुळे. लॉस एंजेलिसमध्ये १९४० च्या दशकात धुरकं इतकं वाढलं की डोळे चुरचुरायचे, पुढे हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की याला गाड्यांचा धूरही जबाबदार आहे. मग कॅलिफोर्नियाने नियम कडक केले, १९६० च्या दशकाच्या शेवटी फोक्सवॅगनने बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारणारं) बसवलेल्या गाड्या अमेरिकेत विकायला काढल्या, आणि १९८१ पर्यंत जनरल मोटर्सच्या गाड्यांत कॉम्प्युटर दोष लक्षात ठेवून डॅशबोर्डवरच्या चेक लाईटच्या उघडझापेतून आकड्यांत, म्हणजे कोडमध्ये, सांगायला लागला. कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यालाच ओबीडी-१ म्हणतात. पण प्रत्येक कंपनीचा तपासणीचा सॉकेट वेगळा, कोड वेगळे. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या नव्या कारना एकच १६ पिनांचा सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले, ते ओबीडी-२. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडरला मिसफायर (पेट्रोल नीट पेटत नाही), मग गाडी कुठल्याही कंपनीची असो.

हा सगळा खटाटोप धूर वाढू नये म्हणून होता हे डोक्यात ठेवलं की कोडचा अर्थ नीट लागतो, कारण कोड सांगतो कुठला सिग्नल मला पटत नाही, कुठला पार्ट बदला हे तो सांगतच नाही.

आपल्याकडे १९९९ साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरासाठी धुराच्या नियमांची, युरो-१ आणि मग २००० पासून युरो-२ ची तारीख घालून दिली, तिथून सगळी धावपळ सुरू झाली. सॅन्ट्रो आणि मॅटिझ १९९८ मध्येच एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंजेक्शन, घेऊन आल्या होत्या, मारुतीनेही ८०० ला इंजेक्शन दिलं, २००५ ला बीएस-२ (भारत स्टेज, म्हणजे आपले धुराचे नियम) देशभर लागू झालं. पण ओबीडी? ते या नियमांत नव्हतंच. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं आपल्या रस्त्यावर इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि प्रत्येकीची भाषा निराळी. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत डायग्नोसिसची पिन अर्थ केली की चेक लाईट लुकलुकते, एकदा आणि मग दोनदा म्हणजे कोड १२, सगळं ठीक. हे माहीत असणारे थोडे, आणि कोड वाचणारा कंपनीचा स्कॅनर फक्त शोरूमला. बाहेरच्या मिस्त्रीने काय करायचं? दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून बघायचा. ईसीएम बदलायची सवय तिथूनच लागली असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सोलापूरची गोष्ट, जी आपल्याच लोकांना फारशी माहीत नाही. २०१० मध्ये बीएस-४ आलं ते आधी फक्त १३ शहरांत, आणि दिल्ली, मुंबई, पुण्याच्या जोडीला त्या यादीत आपलं सोलापूर होतं, कारण प्रदूषित शहरांत आपलं नाव लागलं होतं. बाकी देशाला बीएस-४ पूर्ण लागू व्हायला २०१७ उजाडलं. बीएस-४ बरोबर ओबीडी-१ आलं आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. त्यामुळे एमएच १३ ची २०११ ची गाडी आणि शेजारच्या जिल्ह्यात पासिंग झालेली त्याच वर्षाची गाडी, दोघी वरून सारख्या पण एक बीएस-४ आणि दुसरी बीएस-३ असू शकते, ईसीएम आणि सेन्सर वेगळे असू शकतात. जुन्या बाजारातून पार्ट आणताना वर्ष बघून भागत नाही, ईसीएमवरचा पार्ट नंबरच जुळवावा लागतो.

दोष कसा दिसतो त्याचं एक उदाहरण सांगतो, होटगी रोडच्या एका गॅरेजात समोर बघितलेलं. मे महिना, अंगाची लाही होतेय, आणि स्कॅनरवर इंजिनचं तापमान उणे ४०! गाडी काळा धूर सोडतेय, पेट्रोल पितेय. कोड पी०११८, म्हणजे इंजिनच्या तापमानाच्या सेन्सरचं व्होल्टेज जास्त. या सेन्सरचं गणित असं की थंडीत त्याचा रेझिस्टन्स जास्त, गरम झाला की कमी, ईसीएम त्याला ५ व्होल्ट देतो आणि किती खाली येतात ते बघतो. वायर तुटली तर व्होल्टेज खाली येतच नाही, मग कॉम्प्युटरला वाटतं कडाक्याची थंडी आहे आणि तो पेट्रोल वाढवत जातो. गॅरेजातल्या पोराने सेन्सरचा कप्लर काढला, त्याच्या वायरिंगकडच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, आकडा उणे ४० वरून थेट शंभरच्या पुढे गेला. म्हणजे वायरिंग चांगली, ईसीएमही चांगला, सेन्सरच मेला. आकडा हलला नसता तर वायर नाहीतर ईसीएम. दोन मिनिटांचं काम.

आमच्या इकडे उन्हाने कप्लर कडक होऊन तडकतात, उंदीर वायरी कुरतडतात, आणि अर्थिंग गंजतं. अर्थ बघायचा तर स्टार्टर मारताना ईसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मल्टीमीटर लावायचा, तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर दोष अर्थमध्ये आहे. ईसीएम खरोखर मरतो तोही बहुतेक वेळा कुणीतरी मारलेला असतो, बॅटरी उलटी जोडली, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल तशीच चालवली, पाणी शिरलं. आणि कृपा करून आधीच बॅटरीचं टर्मिनल काढू नका, जुन्या गाड्यांत साठलेले कोड त्यानेच पुसले जातात आणि पुरावा जातो.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर आले त्यामागेही एक कथा आहे. कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने ईएलएम३२७ नावाची चिप काढली, पहिल्या आवृत्तीच्या कोडला कुलूपच नव्हतं, त्याच्या नकला जगभर पसरल्या. त्यामुळे आज लहान गॅरेजातही स्कॅनर आहे. पण बऱ्याच नकला जुन्या के-लाईनच्या (ईसीएमशी एकाच वायरवरून बोलायची जुनी पद्धत) गाड्यांशी नीट बोलत नाहीत, नुसतं कनेक्ट होत नाही म्हणतात, आणि लगेच निष्कर्ष निघतो, ईसीएम डेड. आधी फ्यूज, मेन रिले, ईसीएमचा सप्लाय आणि सॉकेटच्या १६ नंबर पिनेला १२ व्होल्ट येतात का बघा, मग दुसरा स्कॅनर लावा. आणि इमोबिलायझरवाली (ठरलेल्या किल्लीशिवाय सुरू न होणारी) गाडी असेल तर जुन्या बाजारातला ईसीएम नुसता बसवून चालत नाही, तो तुमची किल्ली ओळखत नाही, मॅचिंग करून घ्यावं लागतं, त्याचा खर्च आधीच विचारून ठेवा.