नदीकाठची झाडं पाणी साफ करतात, पण कोणतं पाणी?

नाग नदीच्या घाणीचा विषय निघाला की नागपुरात दोन सल्ले हमखास मिळतात, एक म्हणजे काँक्रीटची भिंत बांधा आणि दुसरा म्हणजे काठावर झाडं लावा. भिंतीकडे नंतर येतो. झाडांनी पाणी साफ होतं हे खरंच आहे, फक्त कोणतं पाणी, हे कोणी विचारत नाही.

पाऊस पडला की वावरातलं पाणी दोन वाटांनी नदीत येतं. एक वरून, माती खरडत. दुसरं मुरून, जमिनीच्या आतल्या आत झिरपत. आणि दोन्हीतली घाण वेगळी असते राजेहो. फॉस्फरस बहुतेक मातीच्या बारीक कणांना चिकटून येतो, म्हणजे डीएपी (फॉस्फरसवालं खत) टाकलं अन् दुसऱ्याच दिवशी धो धो पाऊस आला तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळतं, युरियातलं जे पिकानं उचललं नाही ते नायट्रेट होऊन खाली उतरतं आणि विहिरीत पोचतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असं भारतीय मानक आहे, कारण तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद त्यानं कमी होते.

आता वावर आणि नदीच्या मधे गवत, झुडपं, झाडं असा पट्टा आहे असं समजा. पूर ओसरल्यावर कन्हान नदीच्या काठी एखाद्या उंबराच्या नाहीतर अर्जुनाच्या (आपला कहू) बुडाशी बघा, मुळांत काडीकचरा अडकलेला असतो आणि त्याच्या आडोशाला बोटभर मऊ गाळ. पाण्याचा वेग मोडला की माती खाली बसते आणि सोबत फॉस्फरसही बसतो, इतकं सोपं.

पण विरघळलेलं नायट्रेट चहाच्या गाळणीत साखर अडकेल तेवढंच अडकणार, म्हणजे नाहीच. थोडं झाडांची मुळं पिऊन घेतात, पण खरं काम होतं चिखलात. पालापाचोळ्याखालचा ओला चिखल मूठभर उचलून बघा, राखाडी-काळा रंग आणि कुजका वास. तिथं हवा पोचत नाही. अशा जागी राहणारे बॅक्टेरिया ऑक्सिजन नाही म्हणून नायट्रेटवर श्वास चालवतात, पोटाला पानांमधला कार्बन असतोच, आणि यात नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. (थोडा नायट्रस ऑक्साइडपण बनतो, तो पृथ्वी तापवणारा वायू आहे, म्हणजे हे काम एकदम फुकटात होत नाही.) १९८४ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या मक्याच्या शेतांखालच्या अशाच एका जंगलपट्ट्याचा हिशोब पीटरजॉन आणि कॉरेल यांनी मांडला होता, पट्ट्यात आलेल्या नायट्रोजनपैकी ८९ टक्के आणि फॉस्फरसपैकी ८० टक्के तिथंच थांबलं. सगळीकडे एवढं होईल असं नाही, माती अन् उतार बदलला की आकडा बदलतो.

सावलीचं काम वेगळंच. २५ अंशाला लिटरभर पाण्यात ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, ३५ अंशाला ७ च्या आसपास. मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा आठवा, उथळ धारेवर सावली असणं म्हणजे मासोळ्यांसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न.

आता नागकडे या. तिथली घाण झिरपून येत नाही, ती सांडपाण्याच्या नाल्यांनी सरळ नदीत पडते, मग काठावर कितीही झाडं लावा, ते पाणी मुळांना भेटतच नाही. त्याला सांडपाणी शुद्धीकरणाचे प्लांटच पाहिजे, भांडेवाडीत आहे तसे. आणि भिंत? ती माती ढासळू देत नसेल, पण मुळांचं आणि नदीचं नातं तोडून टाकते, पुराचं पाणी पसरून गाळ टाकेल अशी जागाच उरत नाही. नागचं पाणी पुढं कन्हानमधून वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात जातं, म्हणजे इथं जे अडलं नाही ते तिकडच्या लोकांच्या वाट्याला येतं.

म्हणून माझं मत विचाराल तर झाडांचा पैसा शहरातल्या सुशोभीकरणात घालण्यापेक्षा वरच्या बाजूच्या लहान लहान नाल्यांवर (सांडपाण्याचे नाही, पावसाच्या पाण्याचे) घाला, जिथं धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) पाच पावलांवर पाणी वाहतं आणि लोक अगदी काठापर्यंत वखर मारतात. नदीत बरंचसं पाणी येतं ते या नाल्यांतूनच. वावराच्या बाजूला दाट गवत, मधे करंज-बांबू, पाण्याजवळ कहू, जांभूळ, उंबर. आपल्या काळ्या मातीत एक भानगड आहे, उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातून सरळ खाली जातं, पट्ट्याला चुकवून. आणि पाण्याची धार पडून पट्ट्यात घळ झाली की सगळं पाणी तिथूनच पळतं, म्हणून दर पावसाळ्यात एक चक्कर मारून घळी बुजवाव्या लागतात. गाळ अडवायचं काम गवत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच सुरू करतं, झिरपून येणारं नायट्रेट नदीत कमी व्हायला मात्र बरीच वर्षं लागू शकतात, कारण जमिनीखालचं पाणी लय हळू सरकतं आणि आज झिरपून येतं ते कधीकाळी टाकलेल्या युरियाचं असतं.