पीएसएम आणि फॅमिली मेडिसिन: गावाला दोन्ही हवेत, पण वेगवेगळ्या कामाला

"खेड्यात काम करायचंय ना? मग पीएसएम घे," हा सल्ला एमबीबीएसच्या मुलांना सर्रास मिळतो. पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, एमबीबीएसनंतर घ्यायची एक शाखा. फॅमिली मेडिसिनचं (घरातल्या सगळ्या वयाच्या पेशंटना बघणाऱ्या डॉक्टरच्या शाखेचं) नाव काढलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे तेच ना?" नाही, ते वेगळं आहे. पण गोंधळ होणारच. भोपाळ, रायपूर, जोधपूरच्या एम्समध्ये तर कम्युनिटी मेडिसिन (म्हणजे आपलं पीएसएम) आणि फॅमिली मेडिसिन एकाच विभागाच्या पाटीवर आहेत.

फरक कामातून लगेच कळतो. समजा, पहिला पाऊस झाला आणि गावात गॅस्ट्रोची साथ आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळपासून उलट्या-जुलाबाचे पेशंट येतायत.

फॅमिली मेडिसिन शिकलेली डॉक्टर आधी खाटेकडे जाते. दोन वर्षांचं पोर आहे. डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच पूर्ववत होते का, पाणी अधाशासारखं पितंय की पीतच नाही, हे बघून ती ठरवते, ओआरएस आणि झिंकवर भागेल की सलाइन लावायचं. शेजारी त्याचे सत्तरीचे आजोबा. त्यांच्या पिशवीतल्या बीपीच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी आहे, शिवाय साखरेची मेटफॉर्मिन. अंगातलं पाणी गेलेलं असताना लघवीची गोळी चालू ठेवली तर किडनीवर बेतू शकतं, आणि किडनी मंदावली की मेटफॉर्मिन अंगात साठून घातक ठरू शकते. ती त्या तूर्त थांबवते, लघवी किती होतेय यावर लक्ष ठेवते, आणि परत कधी सुरू करायच्या तेही पुढच्या आठवड्यात तीच सांगणार असते. बोलता बोलता कळतं की सुनेला सातवा महिना आहे आणि तिलाही रात्रीपासून जुलाब आहेत. एका घरातले तिघे, तिघांचे उपचार तीन तऱ्हेचे, बघणारी डॉक्टर एकच.

पीएसएमवाला त्या वेळी ओपीडीचं रजिस्टर घेऊन बसलेला असतो. नाव, वय, वस्ती, त्रास कधी सुरू झाला, प्यायचं पाणी कुठलं. यादी झाली की नकाशावर ठिपके. बहुतेक ठिपके खालच्या आळीत पडतात. मग आरोग्य सेवकाला घेऊन तो तिथल्या नळावर जातो. ओटी टेस्टला (पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या चाचणीला) पाणी पिवळं होतच नाही, म्हणजे क्लोरीन तिथवर पोचत नाहीये. पाइप गटारातून जातो तिथे गळती सापडते. टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकली, गोणी किती दिवस उघडी होती (ओल लागलेल्या टीसीएलचा जोर जातो), पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले का, ग्रामपंचायत पाइप कधी बदलणार, हे सगळं त्याचं काम. आत झोपलेला पेशंट त्यामुळे लवकर बरा होत नाही, पण नवे पेशंट येणं थांबतं.

प्रत्यक्षात ही दोन्ही कामं एकट्या एमओच्या (वैद्यकीय अधिकाऱ्याच्या) गळ्यात असतात. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला एक पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), आदिवासी आणि डोंगरी भागात २०,००० ला, हा निकष. एवढ्या गावांचा एमओ बहुतेकदा नुकताच इंटर्नशिप संपवून आलेला.

शिक्षणाचा साचाही वेगळा. देशाच्या आरोग्यसेवेबद्दलच्या १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाला मेडिकल कॉलेजात जागा मिळवून दिली. आज पीएसएमचा विभाग प्रत्येक कॉलेजात असतो आणि तीन वर्षांच्या एमडीत साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, लसीकरण, राष्ट्रीय कार्यक्रम यांवर भर असतो. फॅमिली मेडिसिनची डीएनबीही (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदव्युत्तर पदवी) तीन वर्षांचीच, पण ती मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग अशा वॉर्डांतून फिरत होते. दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. एमडी मात्र मोजक्याच ठिकाणी, त्यात कोझिकोडचं सरकारी कॉलेज सुरुवातीचं.

महाराष्ट्रात ग्रामीण आरोग्य म्हटलं की जामखेड आणि गडचिरोली आठवतात, आणि ते रास्तच आहे. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. या कामांतून सर्वांच्या लक्षात राहिली ती गावपातळीची बाजू. पण दोन्हीकडे दवाखानाही होताच, आणि तिथे समोरच्या पेशंटला बघणारा तयारीचा डॉक्टर लागतोच. ही दुसरी बाजू आपल्या धोरणात कायम मागे पडली, असं माझं ठाम मत आहे.

कागदावर कमी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात फॅमिली मेडिसिनचा उल्लेख आहे, आणि २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्याने पदव्युत्तर मंडळावर या अभ्यासक्रमांना चालना देण्याची जबाबदारी टाकली आहे. दुसरीकडे, २०२१-२२ च्या केंद्रीय आकडेवारीत ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांतली विशेषज्ञांची तूट ८० टक्क्यांच्या आसपास होती. तालुक्याला चार-पाच विशेषज्ञ येतील याची वाट बघण्यापेक्षा, बीपी-साखरेपासून साध्या बाळंतपणापर्यंत सांभाळणारा आणि कुणाला कधी पुढे पाठवायचं हे नेमकं ओळखणारा एक डॉक्टर तिथे घडवणं जास्त शक्य आहे. सर्जन आणि भूलतज्ज्ञ लागणारच, पण रोजच्या ओपीडीतलं बहुतेक काम त्यांचं नसतं.

अडचण अशी की एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत मुलांना फॅमिली मेडिसिनचा शिक्षक सहसा भेटतच नाही. कुटुंब दत्तक उपक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दिली जातात. तो उपक्रम पीएसएम विभाग चालवतो आणि पुष्कळ ठिकाणी मनापासून चालवतो. त्याच घरातल्या आजींच्या गुडघ्यांचं, नातवाच्या खोकल्याचं वर्षानुवर्षं काय करायचं, हे शिकवायला फॅमिली मेडिसिनचा माणूस सोबत असायला हवा.

म्हणून पदव्युत्तर शिक्षणाची सीट निवडताना आधी स्वतःला विचारा, तुम्हाला नकाशा हातात घ्यायचाय की पेशंटची नाडी. पीएसएम घेणार असाल तर त्या विभागाचं ग्रामीण केंद्र रोज चालतं का, ते बघून या. फॅमिली मेडिसिन घेणार असाल तर सीनियरना विचारा: तीन वर्षांतले किती महिने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जातात, बाळंतपणं स्वतः करायला मिळतात का, तोच पेशंट महिन्याने पुन्हा तुमच्याच समोर येतो का, आणि शिकवायला फॅमिली मेडिसिनचा माणूस आहे की नुसती वॉर्ड भरायला ड्यूटी लावतात.