मोबाइलवर कालचाच भाव का दिसतो?

लातूरच्या बाजार समितीच्या आवारात सौदे सुरू होऊन सोयाबीनचा भाव फुटला की औसा, निलंगा, रेणापूरकडचे शेतकरी त्या आकड्यावरून टेम्पो भरायचा की माल घरातच ठेवायचा ते ठरवतात. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका आडत दुकानासाठी मी रोजचे भाव दाखवणारे छोटे संकेतस्थळ तयार केले होते. दुसऱ्याच दिवशी मुनीमजींचा फोन आला, "साहेब, लोकांचा मोबाइल कालचाच भाव दाखवायलाय." सर्व्हरवरील भाव मात्र आजचा होता. चूक माझीच होती आणि ती अवघ्या एका ओळीची होती. पण ती ओळ समजण्यासाठी फाइल सर्व्हरवरून मोबाइलपर्यंत कशी येते आणि तिथे किती दिवस राहते, हे आधी पाहावे लागेल.

संकेतस्थळावरच्या बऱ्याचशा फाइली स्थिर असतात, म्हणजे कोणीही, केव्हाही मागितल्या तरी जशाच्या तशा दिल्या जातात. बोधचिन्ह, रंग आणि मांडणी ठरवणारी फाइल, पान हलते ठेवणारी जावास्क्रिप्ट आणि अक्षरांचा फाँट या सगळ्या त्यात येतात. देवनागरी फाँट यांत विशेष जड असतो, कारण जोडाक्षरांसाठी त्यात शेकडो वेगळे आकार साठवलेले असतात. आमचा फाँट सुमारे २०० किलोबाइटांचा होता. समजा, ५०० शेतकऱ्यांनी दिवसातून दहा वेळा भाव पाहिला आणि प्रत्येक वेळी फाँट नव्याने उतरवला, तर एका दिवसात एक गिगाबाइट केवळ अक्षरांच्या आकारांवर खर्ची पडेल, आणि भावाचा आकडा स्वतः असतो जेमतेम चार अंकांचा.

आमचा सर्व्हर नोड-जेएसवर, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहू देणाऱ्या साधनावर, चालत असे. रायन डाल यांनी २००९ मध्ये क्रोम ब्राउझरमधील व्ही-८ हे जावास्क्रिप्टचे इंजिन घेऊन त्यावर नोड उभारले. त्याची खासियत अशी की तुमचा सगळा जावास्क्रिप्ट कोड एकाच धाग्यात चालतो. दुकानात एकच मुनीम असावा आणि त्याने कोणाच्याही कामासाठी हातावर हात ठेवून बसू नये, असा हा कारभार आहे. डिस्कवरून फाइल वाचण्याचे वेळखाऊ काम मुनीम पडद्यामागच्या मदतनीसांकडे सोपवतो (नोडमध्ये असे मदतनीस धागे मुळात चार असतात) आणि फाइल हाती येईपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. नवशिका मात्र 'सिंक' शेपटीची वाचनाची आज्ञा वापरतो. मग ती एक फाइल वाचून होईपर्यंत मुनीम जागीच खिळतो आणि दारातले सगळे ताटकळतात.

फाइल मोठी असेल तर ती आख्खी स्मृतीत ओढून मग पाठवणेही बरे नव्हे. हमाल ट्रक रिकामा करताना एकेक पोते उचलतो, तशी नोडमधील 'स्ट्रीम' फाइल साधारण ६४ किलोबाइटांच्या तुकड्यांनी वाचते. समोरच्या फोनला रेंज कमी असेल आणि आधीचे तुकडे पुढे सरकले नसतील, तर वाचन आपोआप थांबते आणि वाट मोकळी झाली की पुन्हा सुरू होते. इथे एक बारीक खाच आहे. वाचलेले तुकडे थेट फोनकडे पाठवण्यासाठी जुन्या पद्धतीच्या 'पाइप'ने जोडणी केली आणि शेतकऱ्याने मध्येच ब्राउझर बंद केला, तर सर्व्हरवरील उघडी फाइल तशीच उघडी राहू शकते. अशा शेकडो फाइली साचल्या की नवी फाइल उघडता येत नाही आणि कारण लवकर सापडत नाही. नोडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, आलेली 'पाइपलाइन' ही सोय मध्येच तुटलेल्या जोडणीमागची ही आवराआवर करते. आलेल्या पत्त्यात दोन टिंबे घुसवून शेजारच्या खासगी फोल्डरमध्ये शिरणाऱ्यांनाही अडवावे लागते. ही सगळी कामे हाताने लिहिण्यापेक्षा एक्स्प्रेस या नोडवर संकेतस्थळे उभारण्याच्या चौकटीतील 'स्टॅटिक' ही तयार सोय वापरणे शहाणपणाचे, आणि मीही तेच केले होते.

आता साठवणीकडे, म्हणजे कॅशकडे, वळू. ब्राउझर एकदा आणलेली फाइल फोनमध्ये ठेवू शकतो. ती किती काळ वापरायची, हे सर्व्हर फाइलीसोबत पाठवलेल्या सूचनांमध्ये सांगतो. मे १९९६ मध्ये नोंदवल्या गेलेल्या एचटीटीपी १.० मध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत, मुदत संपण्याची तारीख लिहिण्याची सोय होती, तसेच 'अमुक तारखेनंतर फाइल बदलली असेल तरच पाठवा' असे विचारण्याचीही सोय होती. पुढे एचटीटीपी १.१ मध्ये 'कॅश-कंट्रोल' आणि 'ईटॅग' आले. ईटॅग हा फाइलीचा शिक्का समजावा. फोन विचारतो, 'माझ्याकडे या शिक्क्याची फाइल आहे, अजून चालेल का?' शिक्का जुळला तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो, ज्याचा अर्थ 'बदल नाही, आहे तीच वापरा', आणि दोनशे किलोबाइटांचे काम काहीशे बाइटांत भागते.

एक्स्प्रेस हा शिक्का फाइलीचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ यांवरून बनवते. हे झटपट होते, पण थोडे फसवेही आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधून पूर्ण नवी प्रत सर्व्हरवर घेतली की मजकूर तोच असला तरी प्रत्येक फाइलीवर आजची वेळ पडते, सगळे शिक्के बदलतात आणि सगळे फोन सगळे काही पुन्हा उतरवतात.

शिवाय शिक्का जुळो वा न जुळो, विचारण्यासाठी एक फेरी मारावीच लागते. गावाकडे रेंजची एखादीच काडी असते तेव्हा बाइटांपेक्षा ही फेरीच जास्त वेळ खाते. ती वाचवायची असेल तर फोनने विचारूच नये अशी मुदत द्यावी लागते. त्यासाठी 'मॅक्स-एज' ही सूचना असून तिचा आकडा सेकंदांत असतो. एक वर्ष म्हणजे ३१५३६०००. मुदत सांगितली नाही तरी ब्राउझर गप्प बसत नाही. फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका काळ ती ताजी आहे, असे तो स्वतःच धरून चालू शकतो, म्हणून शंभर दिवस न बदललेली फाइल तो दहा दिवस न विचारता वापरेल. अंदाजपंचे कारभार नको असेल तर मुदत स्पष्ट सांगणेच बरे.

व्यापारी माणसाला हे लवकर कळते, कारण हुंडीतही दर्शनी आणि मुदती असे दोन प्रकार आहेत. मुदत एकदा लिहून दिली की कागद दुसऱ्याच्या हाती गेला, मग आपण ती फिरवू शकत नाही. कॅशचेही तसेच आहे. सर्व्हरवर नंतर कितीही दुरुस्त्या केल्या तरी ज्या फोनला वर्षाची मुदत मिळाली तो विचारायलाच येत नाही, मग त्याला दुरुस्ती सांगायची कोणी?

एक्स्प्रेसची मूळ मुदत शून्य असते, म्हणजे प्रत्येक वेळी विचारा. मी पूर्ण फोल्डरला एक वर्ष लिहून टाकले होते. फाँटसाठी ते उत्तम होते, बोधचिन्हासाठीही चालले असते. पण त्याच फोल्डरमध्ये भावाची फाइल होती आणि मुखपृष्ठही होते.

खरी तोड फाइलीच्या नावात आहे. फाइलीतील मजकुरावरून एक छोटी खूण काढून ती नावातच घालायची. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते, म्हणून नाव बदलते, आणि नवे नाव फोनने पूर्वी पाहिलेलेच नसल्यामुळे तो ते मागतोच. अशा फाइलींना वर्षाची मुदत निर्धास्त द्यावी. सोबत 'इम्यूटेबल' हा शब्दही जोडता येतो. २०१७ च्या आरएफसी ८२४६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने प्रमाणित केलेला हा शब्द पान पुन्हा लोड केले तरी विचारू नका असे सांगतो, पण सगळे ब्राउझर तो मानत नाहीत. मुखपृष्ठाचे नाव मात्र बदलता येत नाही, कारण लोकांना तोच पत्ता पाठ असतो. त्याला आणि भावाच्या फाइलीला 'नो-कॅश' द्यावे. हे नाव ज्याने ठेवले त्याने अनेकांना चकवले आहे. त्याचा अर्थ 'साठवू नका' असा नसून 'साठवा, पण वापरण्यापूर्वी विचारा' असा आहे. मुळीच साठवायचे नसेल तर 'नो-स्टोअर' म्हणावे लागते. शेतकऱ्याची हिशेबाची पट्टी दाखवायची वेळ आली तर तिथे हेच लागेल, नाहीतर एकाची पट्टी वाटेतल्या सामायिक साठ्यातून दुसऱ्याला दिसू शकते.

वाचलेल्या फाइली सर्व्हरच्या स्मृतीतही धरून ठेवाव्यात का, असे अनेक जण विचारतात. माझ्या मते छोट्या संकेतस्थळाला त्याची गरज नसते. वारंवार वाचलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःहूनच स्मृतीत ठेवते, आणि आपण वर दुसरी प्रत ठेवून मर्यादा घालायला विसरलो तर स्मृती फुगत जाते. फाँट पुन्हा दाबून लहान करण्याचा खटाटोपही फुकटचा आहे, कारण वूफ-२ या वेबसाठीच्या प्रकारातला फाँट मुळातच दाबलेला असतो.

त्या दिवशी मी सर्व्हरवरच्या मुदती दहा मिनिटांत दुरुस्त केल्या, भावाच्या फाइलीचे नाव बदलले आणि मुखपृष्ठाला नव्या नावाकडे वळवले. नव्याने येणाऱ्यांना आजचा भाव दिसू लागला. ज्यांनी आदल्या दिवशी पान उघडले होते त्यांच्या फोनमध्ये जुने मुखपृष्ठ वर्षभराच्या मुदतीवर बसलेले होते, आणि ते जुन्याच फाइलीकडे बोट दाखवत होते. उपाय एकच होता. पान बोटाने खाली ओढले की ब्राउझर मुखपृष्ठ पुन्हा विचारतो, आणि तिथून पुढचे सगळे सुधारते. मुनीमजींनी संध्याकाळपर्यंत वही समोर ठेवून एकेकाला फोन लावला आणि दर वेळी तेच सांगितले, "काका, पान उघडा, बोट ठेवा आणि खाली वढा. गोल फिरलं का? आता वाचा बरं आकडा."