हिऱ्यातली खोट

होप हिऱ्यावर अतिनील प्रकाशाचा झोत टाकायचा, मग दिवा मालवायचा आणि अंधारात त्याच्याकडे बघत राहायचं. एरवी गडद निळा दिसणारा हा 45.52 कॅरटचा खडा निखाऱ्यासारखा लाल होतो आणि काही क्षण तसाच धुमसत राहतो. या हिऱ्याच्या शापाच्या कथा पुष्कळांनी ऐकलेल्या असतात. मला त्या या लालीपुढे फिक्या वाटतात.

निळा रंग आणि ही लाल धग, दोन्हींच्या मागे बोरॉन आहे. हिरा म्हणजे कार्बनचं घट्ट जाळं. प्रत्येक अणू शेजारच्या चार अणूंना धरून असतो. जाळं शुद्ध आणि सलग असेल तर दृश्य प्रकाश त्यातून आरपार जातो आणि हिरा पाण्यासारखा नितळ दिसतो. पण दहा लाख अणूंमध्ये मोजकेच बोरॉनचे अणू शिरले तरी प्रकाशातला तांबडा भाग शोषला जातो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत निळा पोहोचतो. बोरॉनकडे कार्बनपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे असा हिरा थोडीफार वीजही वाहून नेतो. बाकीच्या हिऱ्यांमधून वीज जवळजवळ जातच नाही. कार्बनच्या जागी नायट्रोजन आला तर रंग पिवळा होतो. किंबर्लीच्या खाणीतून आलेला 128.54 कॅरटचा टिफनी हिरा त्याचं सर्वांत देखणं उदाहरण. थोडक्यात, ज्याला आपण हिऱ्याचा रंग म्हणतो ती स्फटिकातली खोट असते.

होपचा माणसांमधला इतिहास मात्र मधेच तुटलेला आहे. ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात भारतातून सुमारे 115 कॅरटचा एक निळा हिरा नेला आणि 1668 साली चौदाव्या लुईला विकला. राजाने तो नव्याने घडवून घेतला, तेव्हा 69 कॅरट उरले. सप्टेंबर 1792 मध्ये, क्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसमधल्या शाही खजिन्यातून तो चोरीला गेला. पुढची 20 वर्षं त्याचा पत्ता नाही. 1812 मध्ये लंडनमध्ये एका निळ्या हिऱ्याची नोंद झाली. तोच पुढे होप म्हणून ओळखला गेला, पण त्याचा आकार वेगळा होता आणि वजन कितीतरी कमी. हा राजाचाच चोरीला गेलेला हिरा का? चोरीच्या मालाची ओळख पुसायला पैलू बदलण्यासारखा उपाय नाही, त्यामुळे संशय होता, पुरावा नव्हता. मग 2007 साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात शिशाची एक जुनी प्रतिकृती हाती लागली. ती फ्रेंच राजाच्या हरवलेल्या हिऱ्याची होती. तिची मोजमापं संगणकावर ताडून पाहिली तेव्हा होप तिच्या आत चपखल बसला. कुणीतरी एकेकाळी शिशात ओतून ठेवलेली ती बेढब वस्तू नसती, तर हा धागा कदाचित कधीच जुळला नसता.

हिरे पुन्हा पुन्हा कापण्याची ही हौस मला अस्वस्थ करते. कोहिनूर 1852 मध्ये लंडनला घासला गेला आणि सुमारे 190 कॅरटांचे 105.6 झाले. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा हिरा 1818 मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. 1940 मध्ये त्याचे 80 कॅरटांवरून 43 कॅरट झाले. तेज वाढलं असेल, पण जुना घाट कायमचा गेला. तेहरानमधला गुलाबी दर्या-ए-नूर तरी वाचला आहे का? ताव्हर्निएने 1642 मध्ये गोवळकोंड्यात एक मोठा, चपटा गुलाबी हिरा पाहून त्याचं चित्र काढलं होतं. 1960च्या दशकात कॅनडाच्या तज्ज्ञांनी इराणचा खजिना तपासला आणि दर्या-ए-नूर व त्याच खजिन्यातला नूर-उल-ऐन हे दोन्ही हिरे त्याच एका हिऱ्यातून निघाले असावेत असा निष्कर्ष काढला. गुलाबी हिऱ्यात सहसा परका अणू कारणीभूत नसतो. जमिनीखालच्या प्रचंड दाबाने अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, जाळं मुरडतं, आणि त्या मुरडीतून रंग येतो.

हिरव्याची कथा आणखी वेगळी. खडकांतल्या किरणोत्सर्गाने कार्बनचे अणू जागेवरून उडतात आणि त्या रिकाम्या जागा लाल प्रकाश गिळतात. बहुतेक हिऱ्यांत हा हिरवेपणा सालीपुरताच असतो, पैलू पाडताना तो निघून जातो. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा 41 कॅरटचा हिरा मात्र आतपर्यंत हिरवा आहे. म्हणजे लक्षावधी वर्षं तो मंद किरणांच्या सहवासात पडून राहिला असणार. 25 नोव्हेंबर 2019 रोजी ड्रेस्डेनच्या खजिन्यावर दरोडा पडला, तेव्हा सुदैवाने तो न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी गेलेला होता.

आता पुन्हा निळ्याकडे, कारण एक कोडं राहिलं आहे. बोरॉन हे भूपृष्ठाजवळ साचणारं मूलद्रव्य आहे, कवचाखालच्या खोल थरात, म्हणजे प्रावरणात, ते फारच विरळ. मग हिऱ्यात आलं कुठून? 2018 साली 46 निळ्या हिऱ्यांच्या आत अडकलेले खनिजांचे कण तपासले गेले. त्या कणांवरून हे हिरे निदान 660 किलोमीटर खोलीवर तयार झाले असावेत असं दिसलं. नेहमीचे हिरे 150 ते 200 किलोमीटरवर जन्मतात. संशोधकांचं म्हणणं असं की समुद्रतळाच्या खडकांनी सागराच्या पाण्यातलं बोरॉन धरून ठेवलं, भूपट्टाबरोबर ते खडक पृथ्वीच्या पोटात उतरले आणि तिथे बोरॉन सुटून हिऱ्यात गेलं. होपचा निळा रंग म्हणजे कुठल्यातरी फार जुन्या समुद्राचा अंश असावा, ही कल्पना माझ्या मनातून जात नाही.

मोठ्या नितळ हिऱ्यांची कुळकथाही अशीच खोल आहे. 26 जानेवारी 1905 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या प्रीमियर खाणीत 3,106 कॅरटचा, म्हणजे 621 ग्रॅमचा कुलिनन सापडला. त्याची एक बाजू इतकी सपाट होती की तो याहून मोठ्या स्फटिकाचा तुटका तुकडा असावा असं तेव्हाच वाटलं. तो इंग्लंडला साध्या टपालाने गेला. पहारेकऱ्यांसह बोटीतून पाठवलेला खडा नकली होता. 1908 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्याचे 9 मोठे आणि 96 लहान हिरे केले गेले. सगळ्यांचं वजन जेमतेम 1,056 कॅरट, बाकी चुरा आणि भुकटी.

कुलिनन, कोहिनूर, किंवा बोत्स्वानात 2015 साली मिळालेला 1,109 कॅरटचा लेसेडी ला रोना, या सगळ्यांत नायट्रोजन नगण्य असतो. असे हिरे कुठे बनतात याचं उत्तर 2016 मध्ये मिळालं, आणि ते कुठल्याही राजमुकुटातून आलं नाही. मोठे खडे घडवताना कापून बाजूला काढलेले तुकडे संशोधकांनी तपासले. त्यांत लोखंड आणि निकेलचे बारीक कण होते, भोवती मिथेन आणि हायड्रोजनचं पातळ वेष्टण. 360 ते 750 किलोमीटर खाली वितळलेल्या धातूत हे हिरे वाढल्याची ती खूण होती. पैलूकारांच्या लेखी ते काळे डाग होते. म्हणून तर त्यांनी ते भाग कापून टाकले होते.